संशोधनाचा खर्च कोणाच्या माथी?

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात स्वातंत्र्यपूर्व काळात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने एक वाण तयार करण्यात आला. 'एम ३५-१' हे त्याचे कागदोपत्री नाव. शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र तो मालदांडीच राहिला. परतीच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारी, टपोऱ्या दाण्याची आणि जनावरांना भरपूर कडबा देणारी ही ज्वारी रब्बी पट्ट्यातील कित्येक पिढ्यांचे पोट भरत आली आहे. शेतकऱ्याने एकदा बियाणे मिळवले की पुढच्या पेरणीसाठी त्याने घरच्याच कणगीत हात घालायचा. शेजाऱ्याला पायलीभर दाणे दिले की त्याचेही शेत पेरले जायचे. या वाणाने समाजाच्या पदरात किती संपत्ती टाकली याचा हिशेब मांडायचा ठरवल्यास आकडा प्रचंड निघेल. तथापि, ज्या केंद्राने तो शोधला त्याच्या तिजोरीत त्या प्रमाणात काहीही जमा झालेले नाही.

याउलट उदाहरण कापसाचे. २००२ मध्ये बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली, तेव्हा ४५० ग्रॅम बियाण्याचे पाकीट सुमारे १,६०० रुपयांना विकले जात होते. त्या किमतीतील मोठा भाग जनुकाचे तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीच्या स्वामित्वशुल्काचा होता. हे बियाणे संकरित असल्याने शेतकऱ्याला दरवर्षी नव्याने पाकीट विकत घेणे भाग होते.

पहिल्या संशोधनाचा खर्च सरकारने केला आणि लाभ सर्वांना मिळाला. दुसऱ्या संशोधनाचा खर्च खासगी कंपनीने केला आणि तो किमतीतून वसूल झाला. संशोधनाच्या अर्थकारणाचे मूळ कोडे या दोन बियाण्यांतील फरकात सामावले आहे. ज्ञान निर्माण करण्यास पैसा लागतो, पण ते एकदा निर्माण झाले की वाटायला जवळजवळ काहीच लागत नाही. मग मूळचा खर्च कोणी सोसावा?

ज्ञान ही वेगळी वस्तू

भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला ती खाता येत नाही. ज्ञानाचे तसे नाही. खत केव्हा घालावे, हे एका शेतकऱ्याला समजले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे ज्ञान कमी होत नाही. वापराने न संपणे हे ज्ञानाचे पहिले वैशिष्ट्य होय. दुसरे वैशिष्ट्य असे की, ज्याने पैसे दिलेले नाहीत त्याला ज्ञानापासून दूर ठेवणे फार कठीण असते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की अर्थशास्त्रज्ञ त्या वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात. रस्त्यावरचा दिवा किंवा देशाचे संरक्षण ही त्याची परिचित उदाहरणे.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये या विचाराला काटेकोर रूप दिले. त्यांच्या विवेचनाचे सार असे : संशोधनाचा लाभ संशोधन करणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही, तो पाझरून स्पर्धकांपर्यंत, ग्राहकांपर्यंत आणि पुढील पिढ्यांपर्यंत जातो. कंपनी मात्र गुंतवणुकीचा निर्णय घेताना स्वतःच्या हाती येणारा नफाच पाहते. परिणामी, समाजाच्या दृष्टीने जेवढे संशोधन होणे हितावह आहे त्यापेक्षा कमी संशोधन बाजारात होते. त्यातच संशोधनाचे फळ अनिश्चित असते. दहा प्रयोगांपैकी कोणता यशस्वी होईल हे आधी सांगता येत नाही आणि अशा अनिश्चिततेचा विमा कोणी उतरवत नाही. ॲरो यांनी आणखी एक गंमतीदार अडचण दाखवून दिली. माहिती विकत घेण्यापूर्वी तिचे मोल कळत नाही आणि मोल कळावे म्हणून ती उघड केली, तर घेणाऱ्याला ती फुकटच मिळालेली असते!

हा पाझर किती मोठा असतो? विल्यम नॉर्डहाउस यांनी २००४ मध्ये अमेरिकेच्या १९४८ ते २००१ या काळातील आकडेवारीवरून असा अंदाज मांडला की, तंत्रज्ञानातील प्रगतीने निर्माण झालेल्या एकूण लाभापैकी जेमतेम २.२ टक्के लाभ नवकल्पना आणणाऱ्यांच्या हाती राहिला. उरलेला मुख्यतः स्वस्त आणि अधिक चांगल्या वस्तूंच्या रूपाने ग्राहकांकडे गेला. त्याही आधी, १९५७ मध्ये, रॉबर्ट सोलो यांनी १९०९ ते १९४९ या चाळीस वर्षांत अमेरिकी कामगाराच्या ताशी उत्पादनात झालेल्या वाढीची फोड केली. यातील सुमारे सात-अष्टमांश वाढ भांडवलाच्या संचयाने नव्हे, तर व्यापक अर्थाने तंत्रज्ञानातील बदलाने झाली, असे त्यांना आढळले. देशाची समृद्धी ज्या गोष्टीवर एवढी अवलंबून आहे, तीच गोष्ट बाजार पुरेशी निर्माण करत नाही, असा या दोन्ही निष्कर्षांचा एकत्रित अर्थ निघतो. सरकारी मदतीचा युक्तिवाद येथूनच सुरू होतो.

सरळ वाण आणि संकरित बियाणे

हा सिद्धान्त पुस्तकी वाटू नये म्हणून पुन्हा शेताच्या बांधावर जाऊ या. पिकांच्या वाणांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. सरळ वाणाचे बियाणे शेतकऱ्याला राखून ठेवता येते, पुढच्या पिकात त्याचे गुण बहुतांशी टिकतात. संकरित वाण दोन भिन्न वाणांच्या संकरातून दरवेळी नव्याने तयार करावा लागतो. त्याच्या पिकातून राखलेले दाणे पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत आणि उत्पादन घटते. जीवशास्त्राने संकरित बियाण्याला जणू निसर्गदत्त कुलूप घातले आहे. त्याची किल्ली विक्रेत्याकडे राहते.

भारतातील ज्वारीचा पहिला संकरित वाण 'सीएसएच-१' सरकारी संशोधनातून १९६४ मध्ये आला. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा कापसाचा संकरित वाण विकसित केला. या सरकारी पायावर खासगी बियाणे उद्योग उभा राहिला आणि जालना हे त्याचे मोठे केंद्र बनले. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सरकारने केलेल्या आरंभीच्या संशोधनामुळे खासगी गुंतवणूक आटली नाही, उलट तिला वाट मिळाली, हे या इतिहासातून दिसते.

परंतु खासगी गुंतवणूक कोठे गेली हेही पाहिले पाहिजे. कापूस, मका, बाजरी, भाजीपाला अशा पिकांत, म्हणजे जेथे संकरित बियाणे विकता येते तेथे, कंपन्यांनी संशोधनावर पैसा लावला. तूर, हरभरा, भुईमूग, रब्बी ज्वारी, सोयाबीन या पिकांचा भार मुख्यतः सार्वजनिक संस्थांवर राहिला. महाराष्ट्रात सोयाबीनचा विस्तार प्रामुख्याने जबलपूरच्या कृषी विद्यापीठाच्या 'जेएस-३३५' या वाणावर झाला आणि अलीकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले संगम'सारखे वाण शेतात आले. ही पिके कमी महत्त्वाची आहेत म्हणून कंपन्या तिकडे वळल्या नाहीत, असे नव्हे. कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि सामान्य माणसाच्या ताटातील डाळीचे सारे गणित या पिकांवर चालते. पण त्यांचे बियाणे राखता येते, म्हणजेच संशोधनाचा लाभ पाझरून जातो. बाजार संशोधनाचे केवळ प्रमाण नव्हे, तर त्याची दिशाही ठरवतो.

कापसात ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसली. जगातील बहुतेक कापूस-उत्पादक देश सरळ वाण लावतात. भारतात बीटी जनुक जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतूनच शेतापर्यंत पोहोचले. संकरित बियाणे महाग असल्याने झाडे विरळ लावली जातात आणि पीक शेतात दीर्घकाळ उभे राहते. असे लांबलेले पीक गुलाबी बोंडअळीला पोषक ठरते, असे अनेक कापूसतज्ज्ञ सांगत आले आहेत. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना या अळीने जबर तडाखा दिला. अळीने जनुकाविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवणे हे त्यामागचे मुख्य कारण होते. तथापि, कमी कालावधीचे सरळ बीटी वाण हाताशी नसणे हे संशोधनाच्या अर्थकारणातून आलेले दुबळेपणही त्यात होते.

पेटंटचे कुंपण

ज्ञान पाझरते म्हणून गुंतवणूक होत नसेल, तर पाझर अडवावा, हा झाला एक उपाय. पेटंट म्हणजे हेच कुंपण. संशोधकाने आपला शोध जाहीर करावा आणि बदल्यात वीस वर्षे त्यावर एकाधिकार भोगावा, असा हा सौदा असतो. त्यातून संशोधनाला प्रोत्साहन मिळते हे खरे. पण एकाधिकाराची किंमत ग्राहक मोजतो आणि ज्या ज्ञानाच्या वापराला काहीच खर्च येत नाही त्यापासून अनेकजण वंचित राहतात हेही तितकेच खरे.

भारताने या सौद्याच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत उत्पादनावर पेटंट नाकारले. केवळ प्रक्रियेला, तेही अल्प मुदतीचे, पेटंट ठेवले. म्हणजे तेच औषध वेगळ्या रासायनिक मार्गाने बनवता आले तर ते विकण्यास मोकळीक होती. असे मार्ग शोधण्यात सरकारी प्रयोगशाळांनी मोलाची भर घातली. एचआयव्हीवरील झिडोव्ह्युडिन या औषधाची प्रक्रिया हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत विकसित झाली आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते १९९३ मध्ये बाजारात आणले. याच कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार सेवाभावी संस्थेला रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केला. पाश्चात्त्य देशांत त्या उपचाराला तेव्हा दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता. आफ्रिकेतील लाखो रुग्णांच्या उपचाराचा मार्ग त्यातून खुला झाला.

दुसरी बाजूही नाकारता येणार नाही. नवी औषधे मुळात शोधून काढण्याचा खर्च अन्य देशांतील कंपन्यांनी आणि करदात्यांनी सोसलेला होता. जगातील प्रत्येक देशाने असेच केले तर नवे औषध येणार कोठून? जागतिक व्यापार संघटनेच्या कराराला अनुसरून १ जानेवारी २००५ पासून भारताने औषधांवर उत्पादन पेटंट देण्यास आरंभ केला. बियाण्यांच्या बाबतीत मात्र २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मध्यम मार्ग काढला. पैदासकाराला नोंदणीकृत वाणावर हक्क मिळाला आणि शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व नाममुद्रेविना विकण्याचाही हक्क राहिला.

बीटी कापसाच्या किमतीचा वाद हे याच ओढाताणीचे उदाहरण. २००६ मध्ये आंध्र प्रदेशापाठोपाठ इतर राज्यांनी पाकिटाची किंमत साडेसातशे रुपयांच्या आसपास उतरवली. २०१६ पासून केंद्राने कमाल किंमत आणि स्वामित्वशुल्क दोन्ही ठरवण्यास सुरुवात केली आणि २०२० मध्ये शुल्क शून्यावर आणले. शेतकऱ्याला स्वस्त बियाणे मिळाले. मात्र २०१६ मध्येच पुढील पिढीच्या कापसाच्या परवानगीचा अर्ज मागे घेण्यात आला. आजच्या किमतीत दिलासा द्यायचा की उद्याच्या शोधासाठी आमिष ठेवायचे, हा पेच पेटंटमध्ये सतत असतो. कुंपण काढले तर शोधाचा खर्च अन्य कोणीतरी उचलला पाहिजे. हा हिशेब मात्र बहुधा मांडलाच जात नाही.

सरकारी मदतीच्या वाटा

सरकार संशोधनाला हातभार लावते तो मुख्यतः चार मार्गांनी.

पहिला मार्ग स्वतःच्या प्रयोगशाळा चालवण्याचा. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, १९४२ मध्ये स्थापन झाली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट रद्द करून घेण्याची लढाई डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली याच परिषदेने लढली आणि १९९७ मध्ये जिंकली. पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणातून एखाद्या कंपनीला थेट नफा नव्हता. म्हणूनच ते काम सार्वजनिक संस्थेने करावे लागले.

दुसरा मार्ग विद्यापीठांना व संशोधकांना अनुदान देण्याचा. मूलभूत संशोधनाला याच मार्गाने पैसा मिळतो, कारण त्याचा उपयोग केव्हा आणि कोठे होईल हे कोणालाच ठाऊक नसते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेतील रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनी अवकाशातील क्षीण संदेश टिपण्यासाठी विकसित केलेले गणिती तंत्र १९९० च्या दशकात बिनतारी संगणक-जाळ्याच्या कामी आले. आज घरोघरी असलेल्या वाय-फायच्या इतिहासात त्याला स्थान आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीकडे 'याचा काय उपयोग?' असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे. अर्थात प्रत्येक दुर्बिणीतून वाय-फाय निघत नाही. पण कोणत्या दुर्बिणीतून निघेल हे आधी ठरवता येत नाही.

तिसरा मार्ग करसवलतीचा. भारतात आयकर कायद्याच्या ३५(२एबी) कलमान्वये कंपनीच्या स्वतःच्या संशोधन केंद्रावरील खर्चाला भारित वजावट मिळत असे. २०१० च्या अर्थसंकल्पाने ती दीडपटीवरून दुप्पट केली. पुढे ती २०१७-१८ पासून दीडपट आणि २०२०-२१ पासून केवळ खर्चाइतकी राहिली. या मार्गाचा गुण असा की, कोणते संशोधन करावे हे सरकारी बाबू नव्हे, तर उद्योग ठरवतो. दोष असा की, जे संशोधन सवलत नसतानाही झालेच असते त्यालाही सवलत मिळते आणि नेहमीच्या खर्चावर 'संशोधन' अशी चिठ्ठी डकवण्याचा मोह होतो. शिवाय नफाच नसलेल्या नवोदित कंपनीला करवजावटीचा तत्काळ उपयोग नसतो.

चौथा मार्ग फळाला बक्षीस देण्याचा. आधी पैसे न देता, शोध यशस्वी झाल्यास ठरावीक किमतीला ठरावीक प्रमाणात खरेदी करू, अशी हमी सरकार किंवा दाते देतात. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासमवेत २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे मायकेल क्रेमर हे या कल्पनेचे एक प्रमुख पुरस्कर्ते. न्युमोनियाच्या लशीसाठी २००९ मध्ये पाच देशांनी व गेट्स प्रतिष्ठानाने मिळून दीड अब्ज डॉलरची अशी हमी दिली. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही या योजनेत आली. याच संस्थेने आफ्रिकेसाठी बनवलेली मेंदूज्वराची लस २०१० मध्ये मात्रेमागे पन्नास सेंटहून कमी किमतीत उपलब्ध झाली. त्यामागे अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेतील तंत्र, दात्यांचा पैसा आणि पुण्यातील उत्पादन असा त्रिवेणी योग होता.

सरकारही चुकते

बाजार अपुरा पडतो म्हणून सरकार आपोआप यशस्वी होते, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. कापसातच त्याचा धडा आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणात बीटी जनुक घालून २००९ मध्ये सार्वजनिक बियाणे बाजारात आणले गेले. बियाणे शेतकऱ्याला राखता येईल, हे त्याचे वैशिष्ट्य. परंतु त्यात खासगी कंपनीच्या जनुकाचा अंश असल्याचे उघड झाले आणि ते मागे घ्यावे लागले. पुढे सोपोरी समितीने या प्रकरणाची चौकशी केली. एका अपयशाने त्या दिशेचा सारा प्रयत्नच कित्येक वर्षे मागे पडला. खासगी कंपनी अपयशी ठरली तर तिची जागा दुसरी घेते. सार्वजनिक क्षेत्रात एकच संस्था ते काम करत असेल तर पर्यायच उरत नाही.

दुसरा दोष पैशाच्या रीतीचा. मंजूर अनुदान वेळेवर न पोहोचणे, उपकरणांच्या खरेदीतील नियमांची गुंतागुंत, शिष्यवृत्तीची थकबाकी आणि वर्षानुवर्षे न भरलेली पदे या तक्रारी संशोधकांच्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. प्रयोग हंगामाशी बांधलेला असतो. जूनमध्ये लागणारा पैसा फेब्रुवारीत आला तर तो ताळेबंदात दिसतो, शेतात दिसत नाही. तिसरा दोष प्रयोगशाळा व बाजार यांमधील दरीचा. शोधनिबंध झाला, नमुनाही तयार झाला, पण मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची जोखीम घेण्यास ना सरकार पुढे येते, ना बँक. अमेरिकेने १९८० च्या बाय-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना दिली. तसे विधेयक भारतातही २००८ मध्ये मांडले गेले, पण ते संमत झाले नाही. करदात्याच्या पैशातील ज्ञानाला पुन्हा कुंपण का घालावे, हा त्यावरील आक्षेप सहज बाजूला सारण्याजोगा नव्हता.

भारताचा ताळेबंद

विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या आकडेवारीनुसार २०१०-११ मध्ये देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सुमारे ६०,१९७ कोटी रुपये होता. तो २०२०-२१ मध्ये सुमारे १,२७,३८१ कोटींवर गेला. रुपयांत दुपटीहून अधिक वाढ दिसत असली, तरी राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण घटून ०.६४ टक्क्यावर आले. त्या सुमारास हे प्रमाण चीनमध्ये सुमारे २.४, अमेरिकेत सुमारे ३.५, दक्षिण कोरियात पाचच्या आसपास आणि इस्रायलमध्ये साडेपाच टक्के होते. २००३ च्या विज्ञान धोरणात २ टक्क्यांचे उद्दिष्ट जाहीर झाले, २०१३ च्या धोरणात त्याचा पुनरुच्चार झाला. ते गाठण्यासाठी खर्च तिपटीहून अधिक वाढायला हवा होता.

या आकड्याच्या पोटात शिरले की खरी अडचण दिसते. २०२०-२१ च्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा ४३.७ टक्के, खासगी उद्योगांचा ३६.४, उच्च शिक्षण संस्थांचा ८.८, राज्य सरकारांचा ६.७ आणि सार्वजनिक उद्योगांचा ४.४ टक्के होता. प्रगत देशांत उद्योगांचा वाटा तीन-चतुर्थांशाच्या घरात असतो. म्हणजे भारतात सरकार फार खर्च करते असे नाही, उद्योग फार थोडा करतात. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक यंत्रणांच्या खर्चापैकी सुमारे ६० टक्के रक्कम संरक्षण, अवकाश आणि अणुऊर्जा या तीन क्षेत्रांत जाते. त्यांची आवश्यकता वादातीत असली, तरी कोरडवाहू पिके, क्षयरोग, पाणी, विद्यापीठांतील प्रयोगशाळा यांच्या वाट्याला उरते काय, हे त्यावरून कळते. शेती हा राज्यांचा विषय असूनही राज्यांचा एकूण वाटा ६.७ टक्के असावा, हेही विचार करायला लावणारे आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे असलेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न विशेषत्वाने लागू पडतो.

नवे प्रयोग, जुने प्रश्न

गेल्या काही वर्षांत केंद्राने दोन मोठी पावले उचलली. २०२३ च्या कायद्यान्वये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचा त्याचा आराखडा आहे. त्यापैकी सुमारे ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या व दाते यांच्याकडून अपेक्षित आहेत. दुसरे पाऊल म्हणजे जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली आणि नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना. तीत खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीची, अल्प किंवा शून्य व्याजाची कर्जे देण्याची आणि भांडवल पुरवण्याची तरतूद आहे. प्रयोगशाळा व बाजार यांमधील दरी बुजवणे हा तिचा हेतू आहे.

हेतू योग्यच आहे. पण या लेखातील विवेचनाच्या कसोटीवर ही पावले घासून पाहिली तर मर्यादाही ध्यानात येतात. कर्ज ज्याला परत करायचे आहे तो ज्याचे फळ स्वतःला विकता येईल असेच संशोधन करील. म्हणजे ही योजना संकरित बियाण्याच्या जातीच्या संशोधनाला उपकारक आहे, मालदांडीच्या जातीच्या नव्हे. आणि ज्या संशोधनाचे फळ सर्वांकडे पाझरते, त्याला उद्योगांनी व दात्यांनी छत्तीस हजार कोटी द्यावेत ही अपेक्षा, नेल्सन आणि ॲरो यांनी साठ वर्षांपूर्वी दाखवलेल्या अडचणीवर नेमके बोट ठेवणारी आहे. उद्योग आपला वाटा उचलू लागले, तर ते स्वागतार्हच. परंतु त्यांच्या येण्याने सरकारने आपला हात आखडता घेतला तर ज्या पिकांना, ज्या रोगांना आणि ज्या प्रश्नांना ग्राहक नाही ते पोरकेच राहतील.

म्हणूनच दरवर्षी अर्थसंकल्पानंतर 'संशोधनाला किती कोटी?' एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ज्याचे फळ विकता येत नाही, पण ज्यावाचून समाजाचे अडते, अशा कामाला त्यातील किती मिळाले? जे विकता येते त्यावर सरकारचा पैसा खर्च झाला असेल, तर करदात्याला किमतीच्या किंवा वापराच्या रूपाने त्याचा मोबदला मिळाला का? आणि मंजूर झालेली रक्कम पेरणीपूर्वी पोहोचली का? हवामानातील बदलामुळे पावसाचे वेळापत्रक विस्कटत असताना रब्बी पट्ट्याला मालदांडीच्या तोलाचा, नव्या परिस्थितीला तोंड देणारा वाण लागणार आहे. त्याचे बियाणे शेतकरी कणगीत राखेल आणि शेजाऱ्याला देईल, म्हणून कोणतीही कंपनी त्यावर मोठी रक्कम लावण्याची शक्यता कमी. तो खर्च आपण सर्वांनी मिळून केला नाही, तर तो कोणीच करणार नाही.